आकडा चौदाच होता

तर झालं असं, की आमच्या गाडीतल्या स्टिरिओचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो अशी तक्रार बाबा मे महिन्यापासून करत होते आणि आम्ही सगळे मिळून त्यांच्या कानांना दोष देत होतो. लिहिताना जरा लाज वाटतेय. पण ‘तुझ्या ब्लॉगवर सगळ्या गोष्टींत तूच शहाणा असतोस’ असा टोमणा आत्याने मारल्यापासून ठरवलंय, फजित्याही लिहायच्या.

बाबा ७८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीन लागलं. महिन्यातून एकदा आम्ही पुण्याहून साताऱ्याला जातो, तेव्हा मागच्या सीटवर डावीकडे त्यांची जागा आणि नाट्यसंगीत हा त्यांचा हक्क. खेड-शिवापूरचा टोलनाका आला की विचारायचे, "आवाज का रे कमी केलास?" शिरवळच्या आसपास गाडीने वेग घेतला की, "आता एवढा मोठा कशाला?" खंबाटकी चढायला लागलो की पुन्हा कमी.

"बाबा, आकडा चौदाच आहे." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! स्क्रीनवर खरंच १४ होतं. बायकोला फरक जाणवत नव्हता, मुलीला नव्हता, मला तर नव्हताच. चार माणसांत तिघांना ऐकू येत नाही म्हटल्यावर चौथ्याचा कान बिघडलेला, हे आमचं लोकशाही निदान. घाटात कान बसतात, मशीनचा सेल उतरला असेल, मशीन स्वतःच आवाज जुळवत असेल... (हे शेवटचं अगदीच चूक नाही. आजकालची डिजिटल मशीनं बारीक आवाज जास्त वाढवतात, मोठा कमी वाढवतात आणि एकसुरी घरघर दाबतात.)

म्हणून मशीनवाल्यांकडे दोनदा नेऊन आणलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या मुलीने विचारलं, "आजोबा, घरी टीव्ही बघताना असं होतं का?" बाबा म्हणाले, "नाही, फक्त गाडीत." तिने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं.

परतताना बायको म्हणाली, "घाटाचं ठीक आहे, पण टोलनाक्यावर कुठे कान बसतात?"

झालं. मग मात्र मी रविवारची सकाळ गाडीत बसून काढली.

आधी स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन आलो होतो, तेही सांगून टाकतो. त्याने बटण दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "सेटच बदला साहेब, मोठ्या स्क्रीनचा टाकून देतो." गाडी चालवून बघण्याचा प्रश्नच आला नाही. वेगाबरोबर येणारा बिघाड उभ्या गाडीत कसा सापडणार? पण मीही तोवर हाच उद्योग बाबांच्या कानांबाबत करत होतो, त्यामुळे त्याला फार बोलायचा अधिकार मला नाही.

या भानगडीत उपयोगी पडला तो एकच प्रश्न: आवाज बदलतो तेव्हा स्क्रीनवरचा आकडाही बदलतो का? आकडा बदलत असेल तर कुठून तरी हुकूम येतोय. आवाजाचं गोल बटण, स्टिअरिंगवरची बटणं किंवा फोन. गोल बटणाच्या आत हल्ली बहुधा एन्कोडर असतो. त्यात दोन संपर्क मागेपुढे जुळतात आणि आधी कुठला जुळला यावरून सेटला कळतं, की आपण वाढवतोय की कमी करतोय. त्यात धूळ गेली किंवा ते झिजले की १२, १३ वरून एकदम ११. फोनचीही गंमत आहे. ब्लूटूथमध्ये फोन आणि सेटचा आवाज एकाच दोरीला बांधायची सोय २००८ पासून आहे, पण काही जोड्यांत ती चालते आणि काहींत दोन्हींचे आवाज वेगवेगळे राहतात. फोन खाली ठेवलाय आणि सेट वर चढवलाय, असा घोळ मग घरोघरी.

आणि आकडा जागचा हलत नसेल तर? मग मामला निराळा. नकाशावाली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणेपर्यंत गाणं दबतं, ते एक. सैल वायर, तापलेला अँप्लिफायर, हे दुसरं. आमच्याकडे मात्र फोन बंद करून एफएम लावलं तरी बाबांची तक्रार तीच होती. म्हणजे फोन सुटला, नकाशा सुटला. वायर सैल असती तर खड्ड्यात खरखरली असती, टोलनाका बघून नव्हे.

शेवटी सेटिंगमध्ये सापडलं: वेगाप्रमाणे आवाज. ऑफ, लो, मिड, हाय. आमचं ‘मिड’वर. गाडी जोरात असली की टायरचा, वाऱ्याचा आवाज वाढतो, म्हणून सेट गाणंही वाढवतो आणि आकडा तसाच ठेवतो. ही युक्ती नवी नाही, जुन्या जर्मन सेटांवर ती ‘गाला’ या नावाने असायची. पण आमच्याकडे आली कुठून? मे महिन्यात बॅटरी बदलली होती! तारा काढल्यावर सेट सगळं विसरला आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला. ‘बाबा, हे कधीपासून होतंय?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. ते तर पहिल्या दिवसापासून ‘मेपासून’ म्हणत होते.

आता आम्हा तिघांना का कळलं नाही? माझा अंदाज असा: गोंगाट वाढला, गाणंही वाढलं, आम्हाला दोन्ही मिळून सारखंच वाटत राहिलं. सोय त्यासाठीच तर आहे. बाबांच्या कानातलं मशीन गोंगाट दाबत होतं, त्यामुळे त्यांच्यापर्यंत नुसतं वाढलेलं गाणं पोचत होतं. म्हणजे गाडीत खरं ऐकू येणारे ते एकटेच.

माझं भांडण त्या सोयीशी नाही, ती चांगलीच आहे. भांडण त्या आकड्याशी आहे. आवाज बदलतोय तर कोपऱ्यात छोटासा बाण तरी दाखवा की! १४ लिहून त्याहून मोठं वाजवायचं, आणि माणसाने आकडा बघून वडिलांना खोटं पाडायचं.

सेटिंग ऑफ केलं आणि पुढच्या खेपेला निघालो. टोलनाका गेला, शिरवळ गेलं, खंबाटकी चढून उतरलो. बाबा काहीच बोलले नाहीत. माफी कशी मागावी याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. सुरूरच्या पुढे मोकळा रस्ता लागला तशी बायको म्हणाली, "गाणं एकदम बारीक झालं का हो?"

मागून आवाज आला, "सूनबाई, एकदा कान दाखवून घे. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे."