पिकते तिथे विकत नाही

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचे जे यंत्र असते, त्याला कन्सोल म्हणतात. जगात विकली जाणारी बहुतेक कन्सोल कित्येक वर्षे चीनमधल्या कारखान्यांत तयार होत आली. पण त्याच चीनमध्ये ती विकताना जपान-अमेरिकेच्या बलाढ्य कंपन्यांच्या नाकी नऊ आले. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल.

जून २००० मध्ये चीनच्या सात सरकारी खात्यांनी मिळून कन्सोलच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. कारण एकच, मुले बिघडतात. ही चिंता खोटी होती असे कोणी म्हणू नये. एकच अपत्य असलेल्या घरात सगळी भिस्त त्या एका मुलाच्या अभ्यासावर असते. पण मुले खेळायची थांबली का? मुळीच नाही. ती नेटकॅफेत गेली, संगणकावर आणि पुढे मोबाईलवर खेळू लागली. परदेशातून चोरवाटेने आलेली यंत्रे दुकानांतून मिळतच होती. २००३ मध्ये निन्टेन्डोने आयक्यू प्लेयर आणला. हातात धरायच्या नियंत्रकातच सारे यंत्र बसवून बंदीला वळसा घालण्याची ही युक्ती. पण तिने बाजार काही जिंकला नाही.

२०१४ मध्ये शांघायच्या मुक्त व्यापार क्षेत्रापुरते दार किलकिले झाले, २०१५ मध्ये बंदी देशभर उठली. स्थानिक भागीदार घेऊन मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४ मध्ये आणि सोनीचे प्लेस्टेशन ४ मार्च २०१५ मध्ये बाजारात आले. एक्सबॉक्सबरोबर सुरुवातीला खेळ होते अवघे दहा! घोडे पेंड खाते ते इथेच.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या नजरेने पाहिले, तर या धंद्याचे गणित दाढीच्या पात्यांचे आहे. यंत्र थोड्या नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि कमाई खेळांवर करायची. चीनमध्ये प्रत्येक खेळाला सरकारी मंजुरी लागते. २०१८ मध्ये तर कित्येक महिने मंजुऱ्या पूर्ण थांबल्या होत्या. ज्या धंद्याची कमाई दुसऱ्याच्या शिक्क्यावर अवलंबून, त्याला कोणता बँकर डोळे मिटून कर्ज देईल? शिवाय ग्राहकही शहाणा. मोजके खेळ चालणारे अधिकृत यंत्र घेण्यापेक्षा तो बाहेरून आलेले घेई. टेन्सेन्टसारख्या मातब्बर चिनी कंपनीला हाताशी धरून निन्टेन्डोने डिसेंबर २०१९ मध्ये स्विच आणले, तरी २०२४ मध्ये तिथले ऑनलाइन दुकान २०२६ मध्ये गुंडाळण्याची घोषणा करावी लागली.

यात खरा प्रश्न कंपन्यांच्या नफ्याचा नाही. ज्या मुलांसाठी हे सारे केले, त्यांचे काय झाले? बंदीनंतर एकवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, अल्पवयीन मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळावे, असा नवा हुकूम काढावा लागला. पहिल्या हुकमाने काम झाले असते, तर दुसऱ्याची गरज का पडली असती? कन्सोल दिवाणखान्यात, आईबापांच्या डोळ्यांसमोर चालते, मोबाईल पांघरुणाखाली. डोळ्यांसमोरचे काढून घेतले आणि पांघरुणाखालचे हाती राहिले.

आणि नियतीचा खेळ पाहा. सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेलेल्या ह्युएन त्संगच्या यात्रेवरून चीनमध्ये पुढे एक अद्भुत कादंबरी रचली गेली. तिच्यातल्या वानरराजावरचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा चिनी खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये संगणकावर आणि सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. तो घडवणारी मंडळी कन्सोलवर बंदी घालणाऱ्या त्याच देशातली!

मुलाच्या हातातून खेळणे काढून घेणे सरकारला जमते. त्याच्याशेजारी बसून ‘आता पुरे’ म्हणणे मात्र घरच्या माणसांनाच जमते. तेवढी सवड आपल्यापाशी आहे का, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.