आवाज मुलांचा, कात्री थोरांची

१९९३ च्या मार्च महिन्यात शिकागोच्या दक्षिण भागातील दोन कृष्णवर्णीय मुलांच्या हाती ध्वनिमुद्रणयंत्र देण्यात आले. लीॲलन जोन्स १३ वर्षांचा, लॉइड न्यूमन १४ वर्षांचा. दोघेही आयडा बी. वेल्स या सरकारी गृहवसाहतीच्या परिसरात वाढलेले. दहा दिवस ते यंत्र घेऊन हिंडले. शाळेत, बसमध्ये, नातेवाइकांकडे, आणि ज्या पुलावरून खालच्या मोटारींवर दगड भिरकावण्याचा खेळ चाले त्या पुलावरसुद्धा. डेव्हिड आयसे या नभोवाणी-निर्मात्याने त्यांच्या सहकार्याने त्यातून सुमारे अर्ध्या तासाचा कार्यक्रम सिद्ध केला. ‘घेटो लाइफ १०१’ हे त्याचे नाव. किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगत स्वतःच्या तोंडून सांगावी, हा आज पॉडकास्टच्या रूपाने फोफावलेला प्रकार ज्या थोड्या प्रयोगांमुळे प्रतिष्ठा पावला, त्यांत या कार्यक्रमाची गणना करावी लागेल.

अशा वस्तीत वार्ताहर शिरला की माणसे सावध होतात. कोणी बढाई मारतो, कोणी गाऱ्हाणे मांडतो, आणि नेहमीचे बोलणे तेवढे थांबते. या मुलांच्या बाबतीत तसे झाले नाही. लॉइडने आपल्या वडिलांना त्यांच्या दारूविषयी विचारले. लीॲलनने आपल्या वडिलांविषयी आईजवळ चौकशी केली. बाहेरच्या माणसाच्या तोंडी हे प्रश्न उद्धटपणाचे ठरले असते; मुलाच्या तोंडी ते हक्काचे होते. पुढे १९९६ मध्ये याच जोडीने दुसरा कार्यक्रम केला. १९९४ मध्ये १० व ११ वर्षांच्या दोन मुलांनी पाच वर्षांच्या एका बालकास चौदाव्या मजल्यावरून खाली टाकले होते. त्या घटनेचा मागोवा त्यांनी घेतला, आणि त्यास पीबडी पुरस्कार मिळाला. मुलांचे बोलणे म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. त्याच वर्षी जो रिचमन यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवर ‘टीनेज डायरीज’ ही मालिका आरंभिली. तिच्यातही यंत्र मुलांकडेच दिलेले असे.

तथापि, यंत्र मुलाकडे गेले म्हणजे सत्ताही त्याच्याकडे गेली, असे समजणे भोळेपणाचे होईल. दहा दिवसांतून अर्धा तास निवडायचा तर बाकीचे कापावे लागते. शिकागोच्या कार्यक्रमाचा निर्माता न्यूयॉर्कचा, गौरवर्णीय आणि वयाने मोठा होता. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कोणता प्रसंग हृद्य, कोणता कंटाळवाणा, हे ठरवणारा कान शेवटी वस्तीबाहेरचा असतो. दगडफेक त्या कानाला भावते, घरी बसून केलेला गणिताचा अभ्यास भावत नाही. दुःख, व्यसन, मारहाण यांना श्रोते मिळतात हे एकदा मुलांच्या ध्यानात आले की तीही तेच आणून देऊ लागतात. मुले याबाबतीत थोरांपेक्षा चलाख असतात.

मराठी वाचकास हा पेच नवा नाही. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले तेव्हा झाकलेले उघडे केल्याचा ठपका त्यांच्यावर खुद्द समाजातील काही सुशिक्षितांनीच ठेवला होता. मात्र तेव्हा पवार चाळिशी ओलांडलेले होते. बालपणातले काय सांगावे, काय गाळावे, आणि मुळात केव्हा सांगावे, याचा निवाडा त्यांनी प्रौढ वयात केला होता. पंधराव्या वर्षी ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्या मुलीला तो अवधी मिळत नाही.

शिवाय १९९३ मध्ये नभोवाणीवरचा शब्द बहुधा उच्चारला गेला आणि विरून गेला. पॉडकास्ट विरत नाही. तो नावानिशी शोधता येतो, वीस वर्षांनी नोकरीसाठी मुलाखत घेणारा तो ऐकू शकतो, आणि आपल्याकडे तर सोयरीक जुळवायला निघालेली मंडळीही ऐकतील. कायद्याने यावर उपाय योजले आहेत, पण ते अपुरे आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१५ पासून १८ वर्षांखालील मुलांना आपण स्वतः जालावर ठेवलेला मजकूर काढून टाकण्याचा अधिकार आहे. परंतु मजकूर दुसऱ्याने ठेवला असेल, किंवा त्याबद्दल मुलाला मोबदला मिळाला असेल, तर तो अधिकार लागू होत नाही. म्हणजे जी संस्था मुलांना रीतसर मानधन देऊन त्यांची कथा प्रसारित करते, नेमकी तीच या कायद्यातून निसटते! युरोपीय संघाच्या २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमांत, बालपणी दिलेली संमती पुढे मागे घेण्याचा विचार अधिक मोकळेपणाने केला आहे, मात्र तेथेही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अपवाद आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षिली आहे. मुलाची तक्रार पालकांविषयीच असेल तर त्या संमतीचा अर्थ काय, हे कोणी सांगावे?

यावर मुलांना बोलूच देऊ नये, असा निष्कर्ष काढणारे निघतील. तो काढणे गैर आहे. शिक्षकांसमोर, समुपदेशकासमोर जे ओठांवर येत नाही ते एखाद्या मुलाला यंत्रापुढे एकांतात बोलता येते, आणि ते ऐकून दुसऱ्या गावातल्या मुलाचा एकटेपणा हलका होतो. या प्रकाराचे खरे मोल तेथे आहे. ‘टीनेज डायरीज’च्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये जुन्या मालिकेतील पाच जणांच्या हाती सोळा वर्षांनी पुन्हा यंत्र दिले आणि त्यांना आपल्या प्रौढ आयुष्याविषयी बोलू दिले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. कथा एकदा घेतली, वापरली आणि संबंध संपला, असे त्यांनी मानले नाही. मुलांच्या कथा प्रसारित करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आणि आता हाती मोबाइल घेऊन वर्गातच असा उपक्रम करणाऱ्या शिक्षकांनीही, निदान इतके पथ्य पाळावे: अंतिम फीत मुलाला ऐकवल्याखेरीज ती बाहेर जाऊ नये, आणि अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर त्याला पुन्हा एकदा विचारावे. नको म्हणाला तर काढून टाकावी. पुरस्कार मिळाला असला तरी.

राहतो प्रश्न घरातील इतरांचा. मुलाच्या हकिगतीत आई असते, भाऊ असतो, दारू पिणारे वडील असतात; त्यांनी यंत्र मागितलेले नसते. मुलगा मोठेपणी कथा ठेवू म्हणेल आणि आई ती नको म्हणेल, असेही होईल. तेथे कोणाचे ऐकावे याचा नियम करणे अवघड आहे. पण प्रसारणापूर्वी त्या घरी जाऊन, त्या माणसांना समोर बसवून, फीत एकदा ऐकवणे अवघड नाही. त्याला फार तर एक संध्याकाळ लागेल.