उदककुंभाचा दिवस

वैशाखातली अक्षय्य तृतीया आली की आपल्या घरात मातीचा नवा घडा येतो, पाण्यात वाळा पडतो आणि पितरांच्या नावे उदककुंभ दान दिला जातो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचाही हा अखेरचा दिवस, म्हणून कैरीची डाळ आणि पन्हे यांचा दरवळ माजघरात अजून रेंगाळत असतो. ऊन भाजून काढत असताना पुण्याची सांगड पाण्याशीच घालणारे आपले पूर्वज शहाणे खरेच. पण त्या शहाणपणातली एखादी ओंजळ खाटेवर बसलेल्या आजी-आजोबांपर्यंत पोचते का, याचा हिशेबही आजच मांडायला हवा.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडेही पाणी पूर्वीसारखे राखून ठेवत नाहीत. शरीर सुकत असते, घसा मात्र मागत नाही. त्यात रात्री उठावे लागेल, अंधारात पाय घसरेल, कुणाची तरी झोपमोड होईल, या धास्तीने कित्येकजण दिवेलागणीनंतर पेल्याला हातच लावत नाहीत. मग एखाद्या दुपारी भोवळ येते, बोलणे असंबद्ध होते आणि आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो.

जेवणाचेही तेच. कवळी सैल, तोंडाला चव नाही, पंगतीला माणूस नाही. चहा-बिस्किटांवर वेळ निभावते, वर एकादशी आणि चतुर्थी असतेच. म्हातारपणी कमीच खावे, हा आपला लाडका समज. भूक कमी होते हे खरे, पण स्नायू टिकवायला लागणारी प्रथिने कमी होत नाहीत. मऊ भातावर घट्ट वरण, मुगाचे धिरडे, दही, चालत असेल तर अंडे, एवढे तर कुठल्याही स्वयंपाकघरात जमते.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटीहून अधिक होते. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा निर्वाहात पहिले नाव अन्नाचेच घेतो. मात्र दावा लावून मिळालेला घास गोड लागत नाही.

हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. एरवी ‘पाणी हवे का?’ असे विचारूच नये, उत्तर ‘नको’ असेच येते. पेला भरून हातात द्यावा आणि दोन घोट होईपर्यंत शेजारी बसावे. आणि आपल्याच मजल्यावर बंद दाराआड कुणी एकटे राहत असेल, तर आज आणखी एक घडा भरून तिकडे न्यावा.