खड्ड्यातलं पाणी आणि आठ सेकंद

बंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात नोकरीला आहात आणि शिफ्ट सुटल्यावर कॅमेरा घेऊन बाहेर पडता, हे छानच आहे. होसूर रोड रात्री देखणा दिसतो. आर. व्ही. रोडहून येणारी मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ पासून इथवर आली आहे. खालून तमिळनाडूकडे ट्रकांची रांग. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी एक सर येऊन गेली की प्रत्येक दिवा दोनदा दिसतो.

पण आधी माझं ऐका. शटर आठ सेकंद उघडं असतं तेव्हा तुमचं सगळं लक्ष त्या टीचभर पडद्यात असतं. ट्रकवाल्याला ते काय माहीत? म्हणून एकटे जाऊ नका. सोबत मित्र न्या. त्याने फोटो काढायचा नाही, फक्त रस्ता बघायचा. चहाचे पैसे तुम्ही द्या.

दुभाजकावर चढू नका. रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवर ट्रायपॉड मांडू नका. बंद दुकानाची पायरी उत्तम. मेट्रो स्टेशनात ट्रायपॉड उघडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. अंगात फिकट रंगाचा शर्ट असू द्या.

आता फोटोचं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर आठ ते पंधरा सेकंद, इथून सुरुवात करा. फार उजळ आला तर वेळ कमी करा. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर त्यातही आयएसओ आणि शटर ठरवता येतं. दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बोटाचा धक्काही फोटोत उतरतो. येणाऱ्या गाड्यांच्या पांढऱ्या रेघा येतील, जाणाऱ्यांच्या तांबड्या. ट्रायपॉड नसेल तर आयएसओ वाढवा, भिंतीला पाठ टेका, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरा, श्वास सोडा आणि १/१५ सेकंदावर दाबा. दोन-तीन फोटो हललेले येतील. येऊ द्यात.

छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८३८ मध्ये, लुई दागेरने पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. प्लेटवर प्रकाश इतका वेळ पडत होता की चालणारी माणसं, घोडागाड्या उमटल्याच नाहीत. बुटाला पॉलिश करून घ्यायला एक जण थांबला होता, तो मात्र उमटला. तुमच्याही फोटोत तसंच होणार. धावपळ पुसली जाईल आणि बसची वाट बघणारा दिसेल.

म्हणून त्याला विचारा. ‘ओंदु फोटो तेगीबहुदा?’ एवढं कन्नड पुरतं. ‘बेडा’, म्हणजे नको, म्हणाला तर हसून पुढे व्हा. रात्रपाळीहून परतणाऱ्या बायकांमागे कॅमेरा घेऊन फिरू नका, तुमच्या मनात काही नसलं तरी त्या घाबरतात. डॉ. देवी शेट्टींचं रुग्णालय इथेच आहे. लांबलांबून लोक येतात. रात्री बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांचा फोटो नकोच.

राहिलं पाणी. मी एकदा पाण्यातलं सगळं दृश्य चौकटीत बसवायला मागे सरलो आणि झाकण नसलेल्या गटारात गुडघ्यापर्यंत गेलो. कॅमेरा वाचला, नडगीवरचा वण अजून आहे. तेव्हा मागे सरण्याआधी वळून बघा. विजेच्या खांबापाशी पाणी साचलं असेल तर तिकडे फिरकूही नका, प्रतिबिंब कितीही सुंदर असो.

चहाच्या टपरीपुढचं वीतभर डबकंही पुरतं. उकिडवे बसा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्यालगत येते. शर्टाच्या टोकाने लेन्स पुसू नका, दिव्यांभोवती तेलकट रेघा येतात. स्वच्छ मऊ फडकं खिशात ठेवा. फोकस पाण्यावर नाही, पाण्यात दिसणाऱ्या दिव्यावर करा. दिवा जितका दूर, तितकंच त्याचं प्रतिबिंबही दूर असतं. पाण्यावर फोकस केलात तर चिखल स्वच्छ येतो आणि दिवे पुसट.

ट्रक गेला की पाणी हलतं. ट्यूबलाइटची रेघ मोडते, मग हळूहळू जुळते. ती सरळ झाली की दाबा.