टॉवर वाढला, तरी छायाचित्र का अडते?

खरिपाच्या ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवर छायाचित्रासह पिकाची नोंद करण्याची, मुदत जवळ आली की वाशी तालुक्यात सोयाबीनच्या बांधावरून छायाचित्र अपलोड होत नसल्याची तक्रार होते आणि त्यावर टॉवर वाढवण्याचा एकच उपाय सुचवला जातो. या आठवड्यातही तेच झाल्याने टॉवरआधी डेटा पाठवण्याची पद्धत तपासावी, हा या स्तंभातील जुना आग्रह पुन्हा मांडणे भाग आहे.

पाठवण्याच्या पद्धतीमुळे वेग कसा कोसळतो, हे एका जुन्या प्रसंगातून दिसते. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील जेमतेम 400 यार्डांच्या मार्गावर डेटाचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. तारा त्याच होत्या. मात्र मार्ग तुंबलेला असतानाही प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पुन्हा पुन्हा ओतत होता. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी 1988 मध्ये टीसीपीला, म्हणजे डेटा खात्रीने पोहोचवणाऱ्या नियमावलीला, शिस्त लावली: पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. पॅकेट वाटेत खराब होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून फारच कमी असल्याने हरवणे म्हणजे कोंडीच, हे त्यामागील गृहीतक तेथे अगदी योग्य होते. शिवारात, टॉवरच्या पल्ल्याच्या कडेला, ते उलटते. तेथे क्षीण सिग्नलमुळे पॅकेट हरवते किंवा इतके उशिरा पोहोचते की ते हरवलेच असे धरले जाते, आणि मार्ग मोकळा असूनही मोबाइल स्वतःचा वेग घटवतो.

गूगलने 2016 मध्ये मांडलेली बीबीआर पद्धत हरवलेल्या पॅकेटांवर विसंबत नाही, तर मार्गाची क्षमता आणि किमान विलंब मोजून वेग ठरवते. परंतु वेग नेहमी पाठवणारा ठरवतो, याकडे सातत्याने दुर्लक्ष होते. सर्व्हरवर बीबीआर बसवल्यास सातबारा डाउनलोड करणे सुधारेल. छायाचित्र पाठवणारा मात्र मोबाइल असतो, म्हणून तेथील सुधारणा ॲपमध्येच व्हायला हवी. मे 2021 मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल वेगाचे नियम ॲपसोबतच नेऊ देतो आणि जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक देत असल्याने मोबाइलचे नेटवर्क बदलले तरी ती टिकवता येते. क्विक वापरण्याआधीही छायाचित्र मोबाइलवरच लहान करणे आणि तुकड्यांनी पाठवून तुटले तेथूनच पुढे चालू ठेवणे, एवढे कोणत्याही ॲपला शक्य आहे. रब्बीच्या पाहणीपूर्वी शेतकऱ्यांनी या सुधारणांची विचारणा तलाठ्याकडे नव्हे, तर ॲप घडवणाऱ्यांकडे करावी.