दोष शोधण्याची मजुरी

डिसेंबर उजाडला की सकाळी सात-साडेसातपासून आपल्या सगळ्यांचे फोन वाजू लागतात. निफाड असो, नाशिक असो की गोंदिया, वाक्य एकच: "गाडी स्टार्ट होत नाही." आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: "बॅटरीला किती वर्षं झाली? तीन? मग गेली ती." फोन ठेवायच्या आत पोरगा बॅटरीच्या दुकानाकडे निघालेला असतो. गाडी पाहिलेली नाही, सेल्फचा आवाज ऐकलेला नाही, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून काही हजार जाणार हे मात्र ठरून गेलेलं असतं.

पंचाईत अशी की हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. आपल्याकडे बॅटरी मरते ती एप्रिल-मेच्या उन्हात. बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या जाळ्या गंजत जातात, पाणी उडतं. पण त्या दिवसांत ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून ती कशीबशी निभावून नेते. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि मेमधलं दुखणं डिसेंबरात बाहेर पडतं. अंदाज लागला की आपण खूश आणि गिऱ्हाईकही खूश. जे अंदाज लागत नाहीत त्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही, कारण नव्या बॅटरीवर बिघडलेली गाडीही काही दिवस चालते. बाजारातून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर गाडी बंद असताना ३०० मिलिॲम्पिअर खात असेल, तर दिवसाला ७ ॲम्पिअर-तासांहून जास्त वीज गेली. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची. तीन दिवस गाडी जागेवर उभी राहिली की निम्म्याहून जास्त खाली. नवी बॅटरी हेच दुखणं काही आठवडे झाकून ठेवते, आणि मग "कंपनीचा माल खराब आला" म्हणून वॉरंटीची भांडणं सुरू होतात.

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. घाईत आपण ते विसरल्यासारखं करतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकाम्या बॅटरीला आधी चार्जिंगला लावायचं आणि मग जोखायचं. भरलेली असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर ती खुशाल बदला. नुसत्या १२.६ वर भरवसा ठेवू नका. भार नसताना आजारी बॅटरीही हा आकडा दाखवते.

या अंकाच्या निमित्ताने मला ज्यावर जास्त बोलायचं आहे, ती तपासणी मात्र आपल्या गॅरेजांमध्ये फारशी होत नाही. चांगली मिळकत असलेल्या गॅरेजांतही नाही. ती आहे अर्थिंगची. गाडी आली आहे, बॅटरी नवी आहे, सेल्फही खोलून कार्बन ब्रश बदलून झाले आहेत, तरी फिरताना तो रडतो, गरम इंजिनवर तर जास्तच. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर लावा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नाही, थेट खुंटावर. दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, रंग-तेल नसलेल्या उघड्या धातूवर. आता पोराला चावी मारायला सांगा. सगळं ठीक असेल तर आकडा ०.२ च्या आत राहील. समजा, तिथे १.९ आला. त्याच वेळी बॅटरीच्या खुंटांवर ११ व्होल्ट आहेत आणि पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३ जातो आहे. म्हणजे बॅटरी ११ देते आणि सेल्फच्या वाट्याला ८.८ येतात. मधले जवळजवळ दोन व्होल्ट निगेटिव्ह बाजूच्या एखाद्या सांध्यात उष्णता होऊन जात आहेत. क्लचप्लेटचं काम करताना सोडलेली आणि परत नीट न आवळलेली अर्थची पट्टी, डेंटिंग-पेंटिंगनंतर थिंबलखाली राहिलेला रंगाचा थर, कोकणातल्या गाडीत खाऱ्या हवेने केबलच्या आत शिरलेली हिरवट बुरशी, यांपैकी काहीतरी असतं. अर्थची पट्टी पूर्ण तुटली तर करंट दुसरी वाट काढतो. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापून तिच्यावरचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर केबल बदलून थांबू नका. तो करंट तिच्यातून का गेला ते बघा.

इथे बरेच जण मीटर ओहमच्या रेंजवर लावतात, बीप वाजली की "अर्थिंग ओके" म्हणून पुढे जातात. सेल्फ १२० ॲम्पिअर खेचत असताना १.९ व्होल्ट खाणाऱ्या सांध्याचा रोध किती? ०.०१६ ओहम. आपल्या मीटरच्या नुसत्या दोन वायरींचाच रोध त्याहून दहा-पंधरा पट जास्त असतो. बीप वाजणारच. शंभर तारांपैकी एक तार शिल्लक राहिलेल्या केबलवरही ती वाजते. केबलची परीक्षा करंट वाहत असतानाच घ्यायची, आणि त्यासाठी महागडं काहीच लागत नाही: मीटर, दोन प्रोब आणि चावी मारायला एक माणूस.

आवाजावरून निदान करणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे. एकच जोराचा 'टक' आणि मग शांतता म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फ. 'टकटकटक' म्हणजे व्होल्टेज पडतंय. काहीच आवाज नाही म्हणजे रिले, इग्निशन स्विच, क्लचचा किंवा गिअरचा स्विच. हे आजही खरं आहे. कुठल्या दिशेला जायचं ते कान सांगतो, पण मीटर लावल्याशिवाय पाना हातात घेण्याइतकं ते पुरेसं नाही.

त्याच जुन्या शाळेच्या दोन सवयी मात्र आता बंद व्हायला हव्यात. पहिली, चालत्या इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उचकटून अल्टरनेटर चार्ज करतो की नाही ते बघणं. डायनॅमोच्या काळात खपून गेलं. आज अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक तुटली, तर संरक्षण नसलेल्या सर्किटमध्ये ८० ते १०० व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते, आणि तिच्या वाटेत ईसीएम बसलेला असतो. दुसरी, प्लगची वायर ओढून बॉडीला ठिणगी मारून बघणं. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या पिढीची ही पहिली परीक्षा; तिथे पॉइंट घासले की निम्म्या गाड्या जागेवर सुरू होत. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनवर हाच प्रयोग कॉइल जाळतो, कधी तिला चालवणारा ड्रायव्हरही. ठिणगी बघायचीच असेल तर स्पार्क टेस्टर मिळतो, तो घ्या.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही वेगळी तक्रार. मुंबई, पुणे, नाशिककडे तिचं मूळ हल्ली पुष्कळदा सीएनजीत सापडतं. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होतात आणि मग गॅसवर जातात. मालक मात्र सीएनजी भरायला लागल्यापासून पेट्रोल विसरलेला. टाकीत महिनोन्‌महिने रिझर्व्हचं शिळं पेट्रोल, आणि त्या पेट्रोलनेच थंड राहणारा पंप उघडा पडून कोरडा फिरतो. एके दिवशी सकाळी तो दमतो. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद गुरगुर ऐकू आली म्हणजे पंप चांगला, असा निष्कर्ष काढू नका. गुरगुर म्हणजे मोटर फिरते एवढंच. प्रेशर गेज लावा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ३ ते ४ बार मिळायला हवेत, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. सगळ्या सीएनजी गाड्या एका मापाने मोजूही नका. टाटाने २०२२ मध्ये आणलेल्या टियागो आणि टिगोर थेट गॅसवर स्टार्ट होतात.

स्कॅनरबद्दल थोडक्यात. 'पी ०३३५' आला म्हणून क्रँक सेन्सर बदलणारे आपल्यात कमी नाहीत. तो कोड सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये कनेक्टर आहे, वायर आहे, उंदराने कुरतडलेली जागाही असू शकते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम येतो का, हा प्रश्न कोडपेक्षा जास्त कामाचा. आणि कोड वाचण्याआधी मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का तेही बघा. इमोबिलायझरने अडवलेल्या गाडीत सेन्सर बदलून काय मिळणार? इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे सगळं संपेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: त्यांचीही १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर लागत नाहीत, आणि गाडी जागची हलत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं, त्याकडे येतो. सीएनजी पंपावरून फोन येतो: गॅस भरला आणि गाडी मेली. तुम्ही दुकान सोडून आठ-दहा किलोमीटर जाता. गॅस भरायच्या जागेचं झाकण नीट बसलेलं नसतं. झाकण उघडं असताना गाडी सुरू होऊ नये म्हणून कंपनीने तिथे मायक्रोस्विच दिलेला असतो. तुम्ही झाकण दाबता, गाडी सुरू होते. गिऱ्हाईक हसतं, चहा पाजतं, आणि तुम्ही मोकळ्या हाताने परत येता. कधी क्लच पूर्ण न दाबल्यामुळे, कधी ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये राहिल्यामुळे, कधी बटण-स्टार्टच्या चावीतला सेल संपल्यामुळे हेच घडतं. शेजारच्या गल्लीतल्याने तीच गाडी टोचन करून आणली असती, दोन तास ठेवली असती आणि नवी बॅटरी टाकून सोडली असती, तर त्याला पार्टवरचं मार्जिन मिळालं असतं, वर मजुरीही. ज्याला कळलं तो रिकामा, ज्याला कळलं नाही त्याचं बिल झालं. आपल्या धंद्यात अंदाजाने पार्ट बदलण्याची जी सवय आहे, ती अज्ञानातून आलेली नाही. ती या हिशोबातून आली आहे. आपण पार्ट विकतो, शोध फुकट देतो. मग शोधायला वेळ कोण घालवणार?

"नुसतं बघायचे पैसे?" हा गिऱ्हाइकाचा प्रश्न मला नवा नाही. पण तोच माणूस लॅबमध्ये रक्त देतो, रिपोर्ट नॉर्मल आला तरी पैसे मोजतो, उलट हायसं वाटून मोजतो. कारण त्याच्या हातात कागद येतो, कागदावर आकडे असतात. आपण त्याला काय देतो? "बघितलं, ठीक आहे." म्हणून माझं म्हणणं असं की तपासणीची मजुरी बिलावर वेगळ्या ओळीत लिहा, गाडीला हात लावण्याआधी सांगा, आणि तिच्या बदल्यात जॉब कार्डवर आकडे द्या: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, निगेटिव्ह बाजूची गळती, पॉझिटिव्ह बाजूची गळती, चार्जिंग, गाडी झोपल्यावरचा करंट. शेवटचा आकडा घेताना घाई नको. नव्या गाड्यांची मॉड्यूल झोपी जायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात, दार उघडलं की ती पुन्हा जागी होतात. ५० मिलिॲम्पिअरच्या वर काही उरत असेल तर खोदायला सुरुवात करा.

"काम केलं तर तपासणी माफ" ही सवलत अनेक गॅरेजांच्या फलकावर दिसते. माझा तिला विरोध आहे. माफ केलं की पुन्हा तोच धंदा: पार्ट विकला तरच पोट भरणार. तपासणीत पट्टी आवळून गाडी सुरू झाली, तरी मजुरी पूर्ण घ्यायची. पार्ट लागला तर पार्टचे वेगळे. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटतील, हे मान्य. जी तुटतील ती बहुधा तीच, जी दर सहा महिन्यांनी बॅटरीवाल्याशी वॉरंटीवरून भांडत असतात.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमधून आलेली पोरं आपल्याकडे शिकायला येतात. पहिली दोन वर्षं ती पाने उचलतात, चाकं काढतात. मीटर उस्तादाच्या खिशात. या थंडीत निदान अर्थिंगची तपासणी त्यांच्याकडून करून घ्या, आकडा त्यांनाच लिहू द्या.

या अंकाच्या मधल्या पानावर तपासणीचा कोरा तक्ता छापला आहे. झेरॉक्स काढून जॉब कार्डला पिन करता येईल अशा मापाचा आहे. वर तुमच्या गॅरेजचा शिक्का मारायला जागा सोडली आहे, खाली गिऱ्हाइकाच्या सहीला. तपासणीच्या मजुरीची रक्कम आम्ही मुद्दाम छापलेली नाही. ती तुमच्या गावाच्या मानाने तुम्हीच ठरवा, पण रकाना रिकामा सोडू नका.