नदीवरील सहल आणि वयाचा दाखला

ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांवरून जहाजाने आठ-दहा दिवसांची सहल करणाऱ्यांत निवृत्तांचाच भरणा अधिक असतो. त्यावरून ही सहल म्हणजे वृद्धांचा विरंगुळा होय, असा समज रूढ झाला आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण अशाच समजापोटी पुष्कळ नोकरदार माणसे प्रवासाचे बेत निवृत्तीनंतरच्या काळावर ढकलीत असतात.

वस्तुतः या प्रवाशांचे वय ठरविले आहे ते वार्धक्याच्या आवडीनिवडींनी नव्हे, तर कालव्याच्या रुंदीने. ऱ्हाईनची उपनदी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा 1992 साली पुरा झाला व उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग खुला झाला. या मार्गावर पाण्याची पातळी वरखाली करून जहाज पुढे सोडणारी जी लॉक आहेत, ती अवघी 12 मीटर रुंद आहेत. साहजिकच जहाजाची रुंदी साडेअकरा मीटरांच्या आत आणि लांबी फार तर 135 मीटर राखावी लागते. त्यात दोनशेच्या आत प्रवासी मावतात. सागरी जहाज हजारो प्रवासी नेते आणि खर्च त्यांच्यात वाटून टाकते. नदीवरील जहाजास ती सोय नाही. भाडे चढे राहते, मुलांच्या खेळाला जागा उरत नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा व सवड दोन्ही आहेत असाच ग्राहक शिल्लक राहतो. तो बहुधा साठी उलटलेला असतो, इतकेच.

युनिवर्ल्ड या कंपनीने 21 ते 45 वयोगटासाठी खास जहाजे काढण्याचा घाट घातला होता. परंतु 2018 साली ती वरची मर्यादा तिला सोडून द्यावी लागली. हा निर्वाळा पुरेसा बोलका आहे.

अर्थात शरीराचा प्रश्न उरतोच. गर्दीच्या धक्क्यावर जहाजे एकमेकांना लागून उभी करतात व शेजारच्या जहाजातून वाट काढीत किनारा गाठावा लागतो. जुन्या शहरांतील रस्ते ओबडधोबड दगडांचे. लिफ्ट असली तरी ती सर्वांत खालच्या मजल्यापर्यंत बहुधा पोहोचत नाही, आणि स्वस्त खोल्या नेमक्या तेथेच असतात. म्हणजे काटकसरी वृद्धाने वाचविलेला पैसा गुडघ्यांनी फेडावयाचा! तथापि दर रविवारी सिंहगड चढणारा सत्तरीचा गृहस्थ येथे सहज निभावून जाईल, आणि खुर्चीत बसून पाठ धरलेला चाळिशीचा कारकून कदाचित निभावणार नाही. जन्मतारखेवरून यांपैकी काहीच कळत नाही.

खरी अडचण रजेची आहे. 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून निघालेल्या ‘गंगा विलास’ने दिब्रुगडपर्यंतचे सुमारे 3,200 किलोमीटर अंतर 51 दिवसांत कापावयाचे होते. जहाजावर सोय 36 प्रवाशांची. एवढी सलग रजा कोणत्या शिक्षकाला वा कारकुनाला मंजूर होईल?